ओला सुंभ

शुक्रवारी दुपारी कॅम्पची बस रास अल खैमाला सोडते.
तिथून रम्सपर्यंत टॅक्सीत चौथा गडी होऊन जातो मी,
मुसब्बह बिन राशिदचं घर बघायला.

पहिल्यांदा कुंपणाबाहेरूनच पाहिलं.
खजुराची खोडं, उभी चिरलेली, साल तशीच,
एकही ओळंब्यात नाही.
हाताला खाज सुटली माझ्या.
मी शटरिंगचा सुतार, एकवीस वर्षं.
दोन सूत चुकलं तर फोरमन आई काढतो.
"आत ये," म्हातारा म्हणाला,
"बाहेरून ते वाकडंच दिसतं."

त्याची हिंदी त्याच्या बापाच्या गलबतातून आलेली.
छताचे वासेही त्याच गलबतातून,
लामूच्या खाजणातले, पोटरीएवढे जाड,
दहा फुटांपलीकडे एकही नाही.
म्हणून या घरात दहा फुटांहून रुंद खोलीच नाही.
मी विचारलं, नकाशा कुणी काढला?
त्याला प्रश्न कळला नाही.
वर बघून म्हणाला, "एवढेच लांब होते."

मग तो आपल्या चुका दाखवत फिरला,
जशी लोकं पाहुण्यांना शोकेस दाखवतात.
या कोपऱ्यात उतावळा झालो,
खोड खाडीत पुरतं मुरू दिलं नाही,
वाळवीनं दोन वर्षांत पीठ केलं. हा खांब दुसरा.
इथं पाचर तिरकी गेली.
हे दार मौझाच्या उंचीचं,
लग्नाआधी तिला न विचारता, नजरेनंच मापलेलं.
पन्नास वर्षं वाकून आत येतोय.

शेजारच्या नव्या व्हिलातून, एसीच्या आवाजावरून
मौझा ओरडली काहीतरी.
तो हसला. "सांग म्हणते, कपाळ दोनदा फुटलं ते."

झावळ्यांच्या काड्या शेजारीशेजारी बांधलेल्या,
मध्ये बोटभर फट.
जूनमध्येसुद्धा त्या फटीतून समुद्र येतो,
गाळून, थोडा थोडा.
भिंतीला मी हात लावून उभा राहिलो बराच वेळ.
एक खिळा सापडेना.

काय सांगायचं त्याला माझ्या कामाचं?
अडतीस मजल्यांचा टॉवर उभा केला मी
आणि त्यात माझं लाकूड एक इंचही नाही.
प्लाय ठोकायचा, तुळईचा साचा बांधायचा,
काँक्रीट ओतलं, चौदा दिवस झाले,
की पहारीनं सगळं उचकटून खाली टाकायचं.
माझं काम चांगलं झालं याची खूण हीच,
की ते कुठं दिसत नाही.

राजापूरकडं माझंही घर झालंय.
स्लॅब पडला तो मोबाइलवर बघितला,
नेट गेलं तेव्हा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतो.
टाइल्स मेहुण्यानं निवडल्या.
गृहप्रवेशाला आठ दिवस मिळाले,
त्यातले तीन दिव्यांची बटणं शोधण्यात गेले.
फोटो दाखवला मुसब्बहला.
त्यानं बोटानं मोठा केला, खिडकीपाशी थांबला,
म्हणाला, "छान. कुणाचं?"

त्या दिवसापासून गाठ शिकतोय.
दोन वेढे, एक उलटा, टोक पोटातून ओढायचं.
माझ्या आज्याला यायची ही, होडीची असावी,
आमच्या घरात सुंभ उरला तो फक्त म्हणीत,
जळायला, आणि पीळ न सोडायला.
बंडलातला वीतभर तोडून दिला त्यानं.

कॅम्पमध्ये बंकच्या हलत्या पायाला
लोखंडी पाइपाशी घट्ट बांधला.
वरचा शौकत म्हणाला, आज पलंग कुरकुरत नाही, मेला की काय?
मंगळवारपर्यंत कुरकुर परत आली.
गाठ तशीच होती, पण आत बोट जात होतं.

पुढच्या शुक्रवारी सांगितलं.
मुसब्बहनं जाळ्यातून मासळी सोडवता सोडवता
मान वर न करता विचारलं:
"कोरडाच बांधलास?"